भ्रूणातील पेशींविषयीचे एक चुकीचे विधान

महोदय,

आपल्या रविवारच्या पुरवणीतील गर्भाच्या वाढीवरचा लेख आवडीने वाचला. परंतु ‘प्रत्येक अवयवाच्या पेशीला फक्त त्या अवयवाचीच जनुके मिळतात’ हे त्यातील विधान चुकीचे आहे. फलित अंड्यातील संपूर्ण जनुकसंच शरीरातील जवळजवळ प्रत्येक पेशीत उतरतो. (आपल्या रक्तातील तांबड्या पेशी पुढे जनुके सामावणारे केंद्रकच टाकून देतात, असे थोडे अपवाद सोडून.) यकृताची पेशी आणि डोळ्याची पेशी वेगळ्या दिसतात, त्या कोणती जनुके चालू आणि कोणती बंद यामुळे. ब्रिटिश जीवशास्त्रज्ञ जॉन गर्डन यांनी टॅडपोलच्या (बेडकाच्या शेपटीवाल्या पिल्लाच्या) आतड्यातील पेशींची केंद्रके, स्वतःचे केंद्रक निकामी केलेल्या बेडकाच्या अंड्यांत घातली, तेव्हा मोजक्या अंड्यांतून का होईना, पूर्ण बेडूक वाढले. आतड्याच्या पेशीने मेंदूची जनुके गमावली असती, तर हे घडलेच नसते.

मग पेशीचे भवितव्य ठरते कसे? काही अंशी अंड्यातील द्रव्यांच्या असमान वाटणीतून, आणि बरेचसे शेजारच्या पेशींकडून येणाऱ्या रासायनिक संदेशांतून. मी ठाण्यात कनिष्ठ महाविद्यालयात जीवशास्त्र शिकवत असताना आम्ही येऊरच्या पायथ्याशी कोंबड्या पाळणाऱ्या एका कुटुंबाकडून गावठी अंडी आणत असू, कारण दुकानातली अंडी सहसा फलित नसतात. उबवणीच्या तिसऱ्या दिवशी कवचाला रुपयाएवढी खिडकी पाडली, की बलकावर रक्तवाहिन्यांचे लाल जाळे आणि मधोमध धडधडणारा इवलासा ठिपका दिसे. वर्गातली सगळ्यात दंगेखोर मुलेही त्या क्षणी गप्प होत. त्याच भ्रूणात सूक्ष्मदर्शकाखाली डोळा घडताना दिसतो: मेंदूतून निघालेला फुगवटा बाहेरच्या थराला जाऊन भिडतो आणि नेमका तेवढाच भाग आत वळून डोळ्याचे भिंग बनतो. जर्मन भ्रूणशास्त्रज्ञ हान्स स्पेमान यांनी १९०१ मध्ये बेडकाच्या एका जातीत हा फुगवटा नष्ट केला, तेव्हा त्या बाजूला भिंग तयार झालेच नाही.

लेखात स्पेमान यांचा उल्लेख आहे, त्यांच्या विद्यार्थिनी हिल्डे मँगोल्ड यांचा मात्र नाही, याचे वाईट वाटले. न्यूटच्या (बेडकाच्या गटातल्या एका शेपटीवाल्या उभयचराच्या) भ्रूणातील एक छोटा तुकडा दुसऱ्या भ्रूणाच्या पोटाकडच्या बाजूला बसवल्यावर तिथे दुसरा मज्जारज्जू, जणू जोडभ्रूणच, उभा राहतो आणि त्यातील बऱ्याच पेशी यजमान भ्रूणाच्या असतात, हे त्यांच्या हातच्या प्रयोगांतून दिसले. पोटाची त्वचा व्हायच्या पेशी शेजार बदलताच मज्जासंस्थेच्या झाल्या. १९२४ मध्ये, आपला निबंध छापून आलेला पाहण्याआधीच, वयाच्या पंचविसाव्या वर्षी त्या एका अपघातात भाजून वारल्या. स्पेमान यांना १९३५ मध्ये नोबेल मिळाले ते याच शोधासाठी.

बारावीचे विद्यार्थी या पुरवणीची कात्रणे जपून ठेवतात. शेजारच्या मुलीच्या वहीत वरील विधान जसेच्या तसे उतरलेले मी परवा पाहिले. त्यामुळे दुरुस्ती त्याच पुरवणीत, त्याच जागी छापावी, ही विनंती.

– एक निवृत्त शिक्षिका, नौपाडा, ठाणे