दिवाळसणासाठी वाईतला वाडा आरक्षित करून ऐन वेळी लॉजवर उतरवल्याबद्दल तक्रार

दिनांक : 3 नोव्हेंबर 2025

प्रति,
तक्रार निवारण अधिकारी,
ग्राहक सेवा विभाग

विषय : 19 ते 22 ऑक्टोबर 2025, वाई (जि. सातारा) येथील आरक्षण. ठरलेली वास्तू न देणे, सणाचे जेवण ठरल्याप्रमाणे न देणे आणि जादा आकारणी.

महोदय,

आपल्या ॲपवरून आम्ही वाईतला एक अख्खा वाडा दिवाळीसाठी घेतला होता. सहा खोल्या, माणसे एकोणीस. वाडा मिळाला नाही. तो मिळणार नाही हे आपल्याला सप्टेंबरातच ठाऊक होते. आम्हाला ते कळले 19 तारखेला दुपारी, सुरूर फाट्याला महामार्ग सोडून गाड्या वाईकडे वळल्यावर. माझी मुख्य तक्रार एवढीच आहे. बाकीचे सगळे तिच्यातूनच निघालेले आहे, पण तेही लिहिते. कारण आपल्या प्रतिनिधीने मला फोनवर विचारले, "मॅडम, खोल्या तर मिळाल्या ना?"

खोल्या ठाण्यात आमच्याकडेही आहेत. यंदा माझ्या पुतणीचा पहिला दिवाळसण होता. सासूबाईंचे माहेर वाईच्या मधल्या आळीतले. ते घर केव्हाच विकले गेले, पण नातीचा दिवाळसण कृष्णेच्या काठी व्हावा ही त्यांची इच्छा होती. त्यांचे वय 81 आणि गुडघ्यांची तक्रार. म्हणून घाटापासून हाकेच्या अंतरावरचा, तळमजल्यावर खोल्या असलेला वाडा आम्ही शोधून काढला आणि ऑगस्टमध्येच निम्मे पैसे भरले. नव्या जावयांचे आई-वडीलही येणार होते. व्याही-विहीणबाईंना पहिल्यांदाच असे चार दिवस आपल्याकडे बोलवायचे म्हणजे काय असते, हे आपल्या कंपनीत एखाद्या मराठी माणसाला विचारून घ्यावे.

आपली जाहिरात मी जपून ठेवली आहे. तिच्यातला इतिहास अगदी बरोबर आहे, हे प्रामाणिकपणे नोंदवते. गणपतराव भिकाजी रास्ते यांनी 1762 मध्ये बांधलेले ढोल्या गणपतीचे मंदिर, पुराचे पाणी दुभंगावे म्हणून माशाच्या आकाराची केलेली त्याची मागची भिंत, शेजारचे काशीविश्वेश्वराचे देऊळ, जवळच मेणवलीला नाना फडणवीसांचा वाडा आणि त्यांनी बांधलेला घाट, सगळे त्यात होते. खाली वाड्याचे फोटो : चौक, तुळशीवृंदावन, पडवीत पितळी बंब. आणि 'दिवाळी विशेष' या मथळ्याखाली चार आश्वासने. नरक चतुर्दशीला पहाटे अभ्यंगस्नानासाठी बंबाचे पाणी, नैवेद्यापुरता स्वयंपाकघराचा वापर, चौकात पणत्या-रांगोळी आणि पाडव्याला केळीच्या पानावर पुरणाचे जेवण. ही आश्वासने वाचूनच आम्ही पैसे भरले. दुसरी ठिकाणे याहून स्वस्त होती.

आम्हाला उतरवले ते पाचगणी रस्त्यावरच्या, पसरणी घाटाच्या पायथ्याजवळच्या एका नव्या लॉजवर. नदी दिसत नाही, गाव दिसत नाही. दिवाळीच्या सुट्टीत पाचगणी-महाबळेश्वरला निघालेल्या गाड्या मात्र रात्रंदिवस दिसतात आणि त्याहून जास्त ऐकू येतात. खोल्या पहिल्या आणि दुसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. सासूबाई तीन दिवस मुख्यतः खोलीतच होत्या. वाड्यातून त्या काठी टेकत घाटापर्यंत गेल्या असत्या. इथून एका दर्शनासाठी गाडी काढायची, वाहतुकीतून गावात शिरायचे आणि पार्किंग शोधायचे. मेणवली आम्ही केली, ती गाडीने जाण्यासारखीच आहे. ठरवलेले बाकीचे सगळे पायी करायचे होते.

आपल्या अटींत 'समान दर्जाच्या निवासात स्थलांतर' करण्याचा अधिकार आपण राखून ठेवला आहे आणि प्रतिनिधी त्याच अटीकडे बोट दाखवतात. आपण दर्जा मोजता तो एसी, टीव्ही आणि गादीच्या जाडीवर. तेवढ्यावर मोजायचे तर मग जाहिरातीत रास्त्यांचे देऊळ कशाला हवे होते? नदीकाठचे जुने गाव दाखवून दर लावलात, तर ते गावच आपण विकलेल्या मालाचा भाग होते. शिवाय आपल्या मापानेही हिशेब जमत नाही. आमच्याकडून खोलीमागे दिवसाला 5,500 रुपये घेतले. लॉजच्या काउंटरवर लावलेल्या दरपत्रकात त्याच खोलीचा सणाच्या दिवसांतला दर 3,800 रुपये होता. फोटो सोबत जोडला आहे.

आता सणाबद्दल. 20 तारखेला नरक चतुर्दशी. अभ्यंगस्नान सूर्योदयापूर्वी व्हायला हवे, म्हणजे एकोणीस माणसांचे पाणी पहाटे चारपासून तापायला हवे. लॉजवर सौरबंब होता, आणि त्याचे पाणी सूर्य वर आल्यावरच तापते हे सांगायला शास्त्रज्ञ लागत नाही. उटणे, सुवासिक तेल, पायाखाली फोडायची कारिटे, सगळे आम्ही घेऊन गेलो होतो. पाणी तेवढे नव्हते. रात्रपाळीच्या मुलाने स्वतःहून उठून गॅसवर दोन पातेली ठेवली. त्यात सासूबाई, विहीणबाई आणि जावई यांच्या आंघोळी झाल्या. बाकीच्यांनी गार पाण्याने उरकल्या किंवा आठनंतर केल्या. त्या मुलाबद्दल आणि तिथल्या इतर कर्मचाऱ्यांबद्दल माझी काडीचीही तक्रार नाही. ते बिचारे आम्ही काय ठरवून आलो आहोत हेच जाणत नव्हते, कारण आपण त्यांना काही कळवलेच नव्हते.

फराळाची गोष्ट तर कुणाला सांगितली तरी खरी वाटत नाही. चकल्या माझ्या, अनारसे जाऊबाईंचे, चिवडा आणि बेसनाचे लाडू नणंदेचे, अशी वाटणी करून आम्ही डबे भरून नेले होते. लॉजवर बाहेरचे खाद्यपदार्थ आणायला मनाई. दिवाळीत, फराळाला! व्यवस्थापकाने पाहिलेल्या डब्यांवरून 'बाहेरील खाद्यपदार्थ शुल्क' म्हणून 2,000 रुपये बिलात लागले. स्वयंपाकघरात पाऊल टाकायची सोय नव्हती, त्यामुळे 21 तारखेला लक्ष्मीपूजनाचा नैवेद्य म्हणजे त्याच डब्यांतला एक लाडू आणि बाजारातून आणलेले पेढे. फरशीला तेलाचे डाग पडतात म्हणून पणत्या लावायच्या नव्हत्या; त्याऐवजी बॅटरीच्या पणत्या मिळाल्या. विहीणबाई समजूतदार आहेत, काही बोलल्या नाहीत. जाऊबाईंना तेच जास्त लागले.

पाडव्याच्या जेवणाबद्दल मात्र मला कडक शब्दांत लिहावे लागेल, कारण तिथे विषय मानपानाचा राहिला नाही. आरक्षणाच्या वेळी आपल्याच फॉर्मवर दोन गोष्टी भरल्या होत्या : दोन पाने कांदा-लसणाशिवाय, आणि एका आठ वर्षांच्या मुलाला शेंगदाण्याची तीव्र ॲलर्जी असल्याने त्याच्या ताटात दाणे, कूट किंवा शेंगदाणा तेल नको. आपल्याकडून 'नोंद घेतली आहे' असे उत्तरही आले. 22 तारखेला टेबलावर आला तो बुफे. पनीरची लाल भाजी, नूडल्स, जिरा राइस, आणि पुडीतल्या वाटाव्यात अशा थंड पुरणपोळ्या. कटाची आमटी नाही, अळूची भाजी नाही, केळीची पाने तर नाहीतच. काकडीच्या कोशिंबिरीत दाण्याचे कूट होते. आपल्या घरांत कूट कशात असेल याचा नेम नसतो, म्हणून नणंद मुलाच्या ताटातले सगळे आधी चाखते. त्या सवयीमुळे प्रसंग टळला. केटररला विचारले तर तो म्हणाला, "मला फक्त आकडा सांगितला, एकोणीस."

ही बाब आपण स्वतंत्रपणे आपल्या वरिष्ठांपुढे ठेवावी अशी मी मागणी करते. पुरणपोळी थंड होती म्हणून कुणी दवाखान्यात जात नाही. ॲलर्जीची माहिती मागायची, 'नोंद घेतली' म्हणायचे आणि ती स्वयंपाक करणाऱ्यापर्यंत पोचवायचीच नाही, याचा परिणाम वेगळा झाला असता.

आता मुख्य मुद्द्याकडे परत येते. 20 तारखेला संध्याकाळी आम्ही काही जण घाटावर गेलो, तेव्हा तो वाडा वाटेतच लागला. मालक ओटीवर होते. आपल्याशी असलेला त्यांचा करार गणेशोत्सवानंतर संपला, तसे त्यांनी लेखी कळवले आणि दिवाळीत वाडा त्यांच्या स्वतःच्या कुटुंबासाठीच ठेवला, असे त्यांनी सांगितले. गणेशोत्सव 6 सप्टेंबरला संपला. त्यानंतर ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात आपण आमच्याकडून उरलेली निम्मी रक्कम घेतली आणि पावतीवर त्याच वाड्याचे नाव छापले. सप्टेंबरात कळवले असते तर वाईत आम्ही दुसरे घर पाहिले असते, ओळखीपाळखीतून स्वयंपाकाला बाई मिळवली असती, किंवा सरळ ठाण्यातच दिवाळसण केला असता. ऐन दिवाळीत, गाड्या रस्त्यात असताना, नाही म्हणायला जागाच उरली नव्हती. ती उरू नये याचीच आपण वाट पाहिली असे मला वाटते. तसे नसेल तर काय घडले ते लेखी सांगावे.

बिलातही दोन गोष्टी चुकीच्या आहेत. 22 सप्टेंबर 2025 पासून दिवसाला 7,500 रुपयांपर्यंतच्या खोल्यांवरचा जीएसटी 12 टक्क्यांवरून 5 टक्के झाला. आमचे वास्तव्य ऑक्टोबरातले, बीजकही 22 ऑक्टोबरचे, आणि 99,000 रुपयांच्या भाड्यावर कर लावला आहे 12 टक्के, म्हणजे 6,930 रुपये जास्त. दुसरे म्हणजे जेवणावर 10 टक्के 'सेवा शुल्क', 1,615 रुपये. ते ग्राहकाच्या संमतीशिवाय बिलात घालता येत नाही, असे केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने 2022 मध्येच बजावले आहे आणि दिल्ली उच्च न्यायालयाने मार्च 2025 मध्ये ते कायम ठेवले. आम्हाला कुणी विचारलेही नव्हते.

तेव्हा खोल्यांच्या दरातला फरक 30,600 रुपये आणि त्यावरचा कर, वर लिहिलेला जादा जीएसटी, सेवा शुल्क, फराळावर घेतलेले 2,000 रुपये आणि पाडव्याच्या जेवणाचे 16,150 रुपये करासह परत करावेत. 'पुढच्या प्रवासासाठी कूपन' ही प्रतिनिधीने सुचवलेली भरपाई मला नको आहे. वाड्याचे फोटो आजही आपल्या ॲपवर आहेत, ते काढावेत. तुळशीच्या लग्नाच्या आणि नाताळच्या सुट्टीसाठी तिथे आरक्षण चालू दिसते. करार संपल्याचे आपल्याला कोणत्या तारखेला कळले आणि ॲलर्जीची नोंद कुठे अडकली, या दोन प्रश्नांची उत्तरे लेखी हवीत. मानसिक त्रासाची भरपाई मी मागत नाही, अजून तरी.

20 तारखेला ॲपवरून केलेल्या तक्रारीला आपले फक्त यांत्रिक उत्तर आले. ई-कॉमर्सच्या 2020 च्या नियमांनुसार तक्रार निवारण अधिकाऱ्याने 48 तासांत पोच द्यायची असते आणि महिन्याभरात निवारण करायचे असते. तो महिना 20 नोव्हेंबरला पुरा होतो. तोपर्यंत पैसे आणि उत्तर आले नाही, तर 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर नोंद करून ठाणे जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोगाकडे 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली सेवेतील त्रुटी आणि अनुचित व्यापार प्रथा, या दोन्ही कारणांवर तक्रार दाखल करीन. ग्राहक राहतो त्या जिल्ह्यात ती करता येते, आणि एवढ्या रकमेला शुल्कही लागत नाही. तेव्हा भरपाईचा आकडा वेगळा असेल.

जाहिरात, दोन्ही पावत्या, बीजक, आहाराच्या फॉर्मवरचे आपले उत्तर आणि दरपत्रकाचा फोटो या ईमेलला जोडले आहेत. आरक्षण क्रमांक ईमेलच्या विषयात आहे. कृपया फोन करू नये, उत्तर लेखीच द्यावे.

आपली,
तक्रारदार ग्राहक
ठाणे