टेकडीचा दिवस, नदीकाठचा दिवस

चि. बाळास,

अनेक आशीर्वाद.

तू पाठवलेले धावण्याच्या सरावाच्या वहीचे फोटो काल रात्री चष्मा लावून नीट पाहिले. सहा आठवड्यांच्या नोंदींत ‘टेकडी’ हा शब्द २२ वेळा आला आहे आणि शेवटच्या पंधरवड्यात त्याच्या शेजारी अगदी बारीक अक्षरात ‘नडगी दुखते’ असे लिहिले आहेस. अक्षर बारीक केल्याने दुखणे बारीक होत नाही, म्हणून हे पत्र.

गावाला नदी आणि पाठीशी बुटक्या डोंगरांची रांग, हे सरावासाठी भाग्यच. पण तू त्यातले डोंगर तेवढे वापरतोस. न्यूझीलंडचे प्रशिक्षक आर्थर लिडियार्ड यांच्या शिष्यांनीही ऑकलंडजवळच्या अशाच ठेंगण्या डोंगरांत सुमारे ३५ किलोमीटरची रपेट केली, त्यांत ८०० मीटर धावणारा पीटर स्नेलसुद्धा होता, आणि १९६०च्या रोम ऑलिंपिकमध्ये स्नेलने ८०० मीटरचे व मरे हॅलबर्गने ५००० मीटरचे सुवर्णपदक एकाच दिवशी मिळवले. मात्र लिडियार्ड आधी कित्येक आठवडे बोलता येईल अशा दमाने धावायला लावत. चढावरचे खास व्यायाम त्यानंतर येत. तू हा पहिला टप्पाच गाळला आहेस.

चढाने धाप लागते म्हणून आपण त्यालाच कष्ट समजतो, पण मांडीचे खरे नुकसान उतारावर होते. उतरताना स्नायू ताणला जात असतानाच भार पेलतो, त्याचे तंतू सूक्ष्म प्रमाणात फाटतात आणि दुखणे एक-दोन दिवसांनी शिगेला पोहोचते. म्हणजे मंगळवारची टेकडी तुला गुरुवारी भेटते, आणि तू तर बुधवारीही टेकडीवरच असतोस. शिवाय नडगीला दर पावलागणिक बसणारा हादरा वेगळाच. यापुढे आठवड्यातून एकदाच टेकडी धाव, तीही नडगी शांत झाल्यावर; आणि दाबल्यावर एकाच ठिकाणी दुखत असेल, तर धावणे थांबवून आधी डॉक्टरांना दाखव.

टेकडीच्या दुसऱ्या दिवशी नदीकाठच्या सपाट रस्त्यावर सायकल काढ. सायकलवर पायाला हादरे बसत नाहीत, पण हृदयाला काम मिळते. हलका गिअर ठेवून मिनिटाला ८० ते ९० पेडल फेरे मार. जड गिअर रेटत गुडघे दुखवण्यात मर्दुमकी नाही. रात्री डोंगरावरची थंड हवा जड होऊन खोऱ्यात उतरते, म्हणून आकाश निरभ्र असेल तर पहाटे वारा बहुधा डोंगराकडून येतो आणि ऊन चढल्यावर उलटतो. तेव्हा पहाटे आधी डोंगराच्या दिशेने जा. दमल्यावर परतताना वारा पाठीशी राहील, फक्त ऊन चढायच्या आत फिर. नदीवर धुके साचले असेल, तर पुढचा-मागचा दिवा लावल्याशिवाय निघू नकोस.

एक कबुली देतो. तुझ्या वयाचा असताना ओल्या घाटात मी वळणाच्या मधोमध पुढचा ब्रेक करकचून दाबला आणि चाक खालून निसटले. कोपरावरचा व्रण तू लहानपणी बोट फिरवून पाहायचास, तो त्याच दिवसाचा. ब्रेक वळणाआधीच, दोन्ही मिळून दाब आणि वळताना बाहेरचे पेडल खाली ठेवून भार त्यावर दे.

पुढच्या रविवारी वहीचे नवे पान पाठव. नडगीची नोंद मोठ्या अक्षरात कर.

तुझा,
बाबा