पेट-सीटी घेताना सपाट टेबलही घ्या : मा. वैद्यकीय शिक्षणमंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
मा. वैद्यकीय शिक्षणमंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

महोदय,
सविनय नमस्कार.

मी मेडिकल फिजिसिस्ट आहे. किरणोपचार, म्हणजे आमचे पेशंट ज्याला ‘लाईट घेणं’ म्हणतात, तो सुरू होण्याआधी कुठल्या जागी किती डोस पडणार याचा हिशेब संगणकावर मांडणं हे माझं रोजचं काम. आज आपल्याला लिहितोय ते एका टेबलासाठी.

काही महिन्यांपूर्वी एक शेतकरी बाबा आमच्याकडे आले. प्रोस्टेटच्या कॅन्सरचं ऑपरेशन होऊन दीड वर्ष झालं होतं आणि पीएसए, म्हणजे हा रोग परतल्याची चाहूल देणारा रक्तातला आकडा, पुन्हा चढायला लागला होता. डॉक्टरांनी पीएसएमए पेट-सीटी, म्हणजे प्रोस्टेट कॅन्सरची जागा उजळून दाखवणारा स्कॅन, लिहून दिला. ती सोय आमच्याकडे नाही. मुलगा त्यांना रात्रीच्या एसटीने दुसऱ्या शहरात घेऊन गेला, उसनवारी करून पैसे भरले आणि दोन दिवसांनी सीडी माझ्यासमोर ठेवली. पिवळ्या पिशवीत, रेशनकार्डाच्या झेरॉक्ससोबत.

स्कॅन उत्तम निघाला होता. ओटीपोटात उजवीकडे, मोठ्या रक्तवाहिनीला लागून, सहा मिलिमीटरचा एक लिम्फ नोड (रसग्रंथी) ठळक उजळला होता. साध्या सीटीवर त्याच्याकडे कुणाचं लक्षही गेलं नसतं, कारण आकाराने तो नॉर्मलच होता.

पण तो नोड मला माझ्या प्लॅनिंगवर नेमका बसवता येईना. निदानाच्या मशीनचं टेबल पन्हाळीसारखं खोलगट असतं, माणसाला आरामात पडता यावं म्हणून. आमच्या लिनॅकचं, म्हणजे लाईट देणाऱ्या यंत्राचं, टेबल फळीसारखं सपाट. तिकडे बाबांच्या गुडघ्याखाली जाड उशी होती आणि मूत्राशय रिकामं होतं. आमच्याकडे पावलं साच्यात घट्ट बसवलेली आणि मूत्राशय भरलेलं. दोन्ही स्कॅन एकमेकांवर ठेवून कमरेचा मणका जुळवला की खुब्याचं हाड सरके, खुबा जुळवला की मणका हटे. संध्याकाळपर्यंत मी आणि डॉक्टर त्यावर बसलो होतो. शेवटी अंदाज धरून नोडभोवतीची कडा वाढवली. कडा वाढवली, म्हणजे शेजारच्या आतड्याने तेवढे जास्त किरण खाल्ले. हे मला आजही खुपतं.

प्रोस्टेट ही जेमतेम अक्रोडाएवढी ग्रंथी. वर मूत्राशय, मागे गुदाशय, मधलं अंतर मिलिमीटरमध्ये मोजायचं. सीटी शरीराचा नकाशा देतो आणि डोसचं गणितही त्याच्याच आकड्यांवर चालतं, पण रोग कुठे आहे याबद्दल तो बऱ्याचदा मुका असतो. पेट ते सांगतं. प्रोस्टेट कॅन्सरच्या बहुतेक पेशींच्या आवरणावर पीएसएमए नावाचं प्रथिन भरपूर असतं. त्याला जाऊन चिकटणारं किरणोत्सारी औषध शिरेतून दिलं की तासाभरात ती जागा उजळून दिसते. दोन्ही चित्रं एकाच यंत्रात, पेशंट न हलता मिळतात, म्हणून हे यंत्र मोलाचं. आणि तो पेशंट लाईटच्या वेळी जसा झोपणार तसाच तिथे झोपला असेल, तर ते चित्र थेट माझ्या कामाचं.

याचा फायदा आकड्यांत दिसलेला आहे. ऑस्ट्रेलियातल्या प्रो-पीएसएमए चाचणीत, २०२० मध्ये, रोगाचा प्रसार ओळखण्यात पीएसएमए पेट-सीटीची अचूकता ९२ टक्के आली. सीटी आणि बोन स्कॅन मिळून ६५. अमेरिकेतल्या एम्पायर-१ चाचणीने पुढच्याच वर्षी थेट आमच्या प्रश्नाला हात घातला : ऑपरेशननंतर द्यायच्या किरणोपचाराचं प्लॅनिंग पेटवरून करायचं की नेहमीच्या स्कॅनवरून? वेगळं पेट औषध वापरून केलेल्या या चाचणीत तीन वर्षांनी रोग आटोक्यात राहिलेल्यांचं प्रमाण ७५.५ विरुद्ध ६३ टक्के भरलं.

आपल्याकडचंच उदाहरण घ्यायचं तर परळच्या टाटा मेमोरियलची पॉप-आरटी चाचणी. जास्त जोखमीचे २२४ रुग्ण, काहींना फक्त प्रोस्टेटवर लाईट, काहींना ओटीपोटातल्या नोड्ससकट. पाच वर्षांनी पीएसए न वाढलेले ८१.२ विरुद्ध ९५ टक्के. त्यातल्या सुमारे ८० टक्के रुग्णांचं स्टेजिंग, म्हणजे रोग कुठवर पोहोचलाय हे ठरवणं, पीएसएमए पेटवर झालं होतं. हे ज्ञान मुंबईत तयार झालं, महोदय. पेटसाठीची किरणोत्सारी द्रव्यं बनवणारं यंत्र, म्हणजे देशातला पहिला मेडिकल सायक्लोट्रॉनही २००२ साली परळलाच बसला.

हा स्कॅन सरसकट सगळ्यांना द्या, असं मी म्हणत नाही. काही गाठी पीएसएमए दाखवतच नाहीत. औषध लघवीवाटे जातं, त्यामुळे मूत्राशयाला खेटलेला रोग त्या उजेडात लपतो. बरगडीवरचा एखादा ठिपका फसवाही निघतो. जास्त जोखमीचे आणि ऑपरेशननंतर पीएसए चढलेले, एवढ्यांपुरता तो द्यावा.

आता मागणं. सरकारी कर्करोग केंद्रांसाठी यापुढे पेट-सीटीची निविदा निघेल तेव्हा तिच्यात सपाट टेबलटॉप, पेशंटला नेमकं रेषेत झोपवण्यासाठी भिंतीवरचे लेसर आणि आमचेच पाय-गुडघ्यांचे साचे बसतील अशी सोय, या तीन गोष्टी लिहून घ्या. यंत्राच्या किमतीपुढे हा खर्च नगण्य आहे. नंतर मागायला गेलं की फाईल वर्षभर फिरते. स्कॅनच्या दिवशी फिजिसिस्ट आणि लाईटचा टेक्निशियन तिथे हजर असावा, आणि चित्रं सीडीवर न येता केंद्राकेंद्रांत थेट संगणकावर पोहोचावीत. प्लॅनिंगसाठीचा पेट-सीटी हा उपचाराचाच भाग आहे. महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजनेत तो किरणोपचाराच्या पॅकेजसोबतच, स्पष्ट शब्दांत धरला जावा.

औषधाचंही बघावं लागेल. त्यातलं किरणोत्सारी द्रव्य एकतर गॅलियम-६८ असतं किंवा फ्लोरिन-१८. गॅलियमचं अर्धायुष्य, म्हणजे निम्मं उरायला लागणारा वेळ, ६८ मिनिटं, फ्लोरिनचं ११० मिनिटं. मुंबईहून निघालेल्या फ्लोरिनचा तीन तासांत एक तृतीयांशही उरत नाही, मग विदर्भ-मराठवाड्याचं काय? गॅलियम मात्र जनरेटर नावाच्या उपकरणातून जागेवरच मिळतं, त्यात जर्मेनियमपासून ते तयार होत राहतं. या जर्मेनियमचं अर्धायुष्य २७१ दिवस, म्हणजे एक जनरेटर साधारण वर्षभर चालतो. विभागाला एक मिळाला तरी रात्रीच्या एसटीच्या कितीतरी खेपा वाचतील.

ते बाबा दर तीन महिन्यांनी पीएसएचा कागद घेऊन येतात. सध्या आकडा खाली आहे. निविदेचा मसुदा आपल्या टेबलावर येईल तेव्हा ‘टेबलटॉप’ या ओळीसमोर ‘सपाट’ लिहिलंय का, तेवढं पाहावं. तांत्रिक तपशील लागला तर मी स्वतः मंत्रालयात येऊन समजावून सांगेन.

आपला विश्वासू,
एक मेडिकल फिजिसिस्ट