शिकार सोडली ती वेळेसाठी, अहिंसेसाठी नव्हे

महोदय,

परदेशी राहणाऱ्या मराठी कुटुंबांच्या सुटीच्या दिवसांविषयी आपल्या रविवार पुरवणीत जो पत्रव्यवहार चालू आहे, त्यात मी स्कॉटलंडमधील हरणांची शिकार घरासाठी सोडल्याचे एका वाक्यात लिहिले होते. त्यावर आलेल्या दोन पत्रांत माझे मनापासून अभिनंदन करण्यात आले असून, उशिरा का होईना पण भूतदया जागी झाली, असा त्यांचा सूर आहे. तिसऱ्या पत्रलेखकांनी मात्र छंद सोडण्याऐवजी समतोल साधता आला असता, असे मला सुनावले आहे. अभिनंदनावर माझा हक्क नाही आणि समतोलाचा सल्ला या बाबतीत अमलात येण्याजोगा नाही, एवढे स्पष्ट करण्यासाठी हे पत्र.

आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर हरणाची शिकार म्हणजे सरळ गुन्हा, आणि तो तसाच असावा, याविषयी माझ्या मनात शंका नाही. स्कॉटलंडची परिस्थिती निराळी आहे. तेथील लांडगे काही शतकांपूर्वीच नामशेष झाल्याने मोठ्या हरणाला माणसाखेरीज शत्रू उरलेला नाही. सरकारने नेमलेल्या अभ्यासगटाने २०२० साली दिलेल्या अहवालात हरणांची संख्या दहा लाखांच्या घरात असू शकेल, असा अंदाज आहे; देशाची लोकसंख्या सुमारे पंचावन्न लाख आहे, हे लक्षात घेतले म्हणजे त्या आकड्याचा अर्थ कळतो. पाइन आणि बर्चची रोपे गुडघ्याएवढी होण्याआधीच खुडली जातात, त्यामुळे कुंपण घातल्याशिवाय जुनी जंगले पुन्हा उभी राहत नाहीत. म्हणून दरवर्षी लाखाहून अधिक हरणे मारली जातात. त्यांतील बरीचशी पगारी शिकारी मारतात, तर काही माझ्यासारखे हौशी लोक परवाना काढून आणि जमीनमालकाची परवानगी घेऊन मारतात. हे काम आवश्यक आहे असे मला तेव्हा वाटत होते आणि आजही वाटते. तेव्हा करुणेचे श्रेय मला देऊ नये.

अडचण होती ती घड्याळाची आणि दिनदर्शिकेची. रो नावाच्या लहान हरणाच्या नरांचा हंगाम १ एप्रिलला सुरू होऊन २० ऑक्टोबरला संपत असे आणि दुसऱ्याच दिवशी माद्यांचा सुरू होऊन ३१ मार्चपर्यंत चाले. म्हणजे वर्षातला एकही दिवस रिकामा नसे. डोंगरावरच्या तांबड्या हरणांच्या माद्यांसाठी २१ ऑक्टोबर ते १५ फेब्रुवारी हा काळ ठरलेला आहे. नरांना पूर्वी काही महिने तरी अभय होते, पण २०२३ च्या ऑक्टोबरपासून स्कॉटलंडने तोही बंद हंगाम उठवला. त्यात हरीण बाहेर पडते ते पहाटे आणि संध्याकाळी. इन्व्हरनेसजवळ जूनमध्ये साडेचारच्या आत सूर्य उगवतो, त्यामुळे अडीचलाच घर सोडावे लागते. परत आल्यावर सकाळी नऊला जो माणूस घरात झोपतो, त्याच्यासाठी मुलांना दुपारपर्यंत दबक्या आवाजात खेळावे लागते. डिसेंबरात उलटा प्रकार होतो. नऊच्या सुमारास उजाडते, साडेतीनला सूर्य मावळतो आणि शनिवारचा सगळा उजेड डोंगरावर खर्च होतो. रविवारी बंदूक घेऊन डोंगरावर न जाण्याची तिकडे जुनी चाल असल्याने शनिवारला पर्यायही नसतो.

आता समतोलाविषयी. आठवड्याऐवजी महिन्यातून एकदा जावे, हा सल्ला धावण्याच्या किंवा गड चढण्याच्या छंदाला लागू पडेल. क्वचित धावणारा फार तर स्वतः दमतो. क्वचित बंदूक हातात घेणाऱ्याचा नेम चुकला तर त्याची किंमत हरणाला मोजावी लागते. दीडशे मीटरवरून फुप्फुस आणि हृदयाच्या जागी, ताटलीएवढ्या वर्तुळात, प्रत्येक वेळी गोळी बसवायची तर चांदमारीच्या मैदानावर नियमित जावे लागते, वारा ओळखण्याचा सराव टिकवावा लागतो आणि ती जमीनही पायाखाली राहावी लागते. शिवाय एकदा गोळी सुटली की पुढचा वेळ आपला राहत नाही. हरीण जागीच पडले तरी तेथेच पोट फाडून आतडी काढायची, यकृतावर किंवा गाठींवर रोगाची खूण नाही ना ते पाहायचे, मग धूड ओढत किंवा आठ चाकी गाडीवर घालून खाली आणायचे आणि थंड खोलीत टांगायचे, यात तीन-चार तास सहज जातात. जखमी होऊन पळाले तर अंधार पडेपर्यंत, प्रसंगी कुत्रा मागवून, त्याचा माग काढणे हे शिकाऱ्याचे पहिले कर्तव्य ठरते. त्या संध्याकाळी मुलाचा वाढदिवस आहे ही सबब तेथे चालत नाही आणि चालू नये. ज्याला चार वाजता घरी असणे भाग आहे, त्याने तीन वाजता चाप ओढू नये, आणि माझ्या घरी मला बहुतेक शनिवारी चारच्या आत पोहोचायचे असे.

त्याचे कारण साधे आहे. माझी पत्नी इस्पितळात पाळीची नोकरी करते. तिला शनिवारची सुटी मिळाली की मी डोंगरावर आणि तिला ड्यूटी लागली की मुले शेजाऱ्यांकडे, अशी आमची घडी बसली होती. ही घडी मला सोयीची होती, म्हणून ती मला बराच काळ समजूतदारपणाची वाटत राहिली. दुसरी गोष्ट साताऱ्याच्या फोनची. हिवाळ्यात तिकडची वेळ साडेपाच तासांनी पुढे असते. मी डोंगरावरून उतरून, हरीण टांगून, हात धुऊन मोबाइलला रेंज मिळेपर्यंत साताऱ्यात रात्रीचे अकरा वाजलेले असत आणि आई-वडील केव्हाच झोपी गेलेले असत. कुटुंब म्हटले की येथील मित्रांच्या डोळ्यांसमोर बायको-मुले येतात. माझ्या हिशेबात हे दोघेही होते.

सणांचेही तसेच. मिलनकाळातल्या नरांचे ओरडणे सप्टेंबरअखेरीस दऱ्यांतून घुमू लागते आणि ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत चालते. हौशी शिकाऱ्याच्या दृष्टीने वर्षातला हा सर्वांत मोलाचा काळ. आमचे नवरात्र आणि दसरा बहुतेक वर्षी नेमके याच दिवसांत येतात आणि शाळांची ऑक्टोबरची सुटीही याच सुमारास असते. जुन्या काळी बटाटे काढायला मुले लागत म्हणून ही सुटी सुरू झाली, असे तेथील म्हातारे सांगतात. आमच्याकडे ती मुले आणि त्यांची आई यांचीच सुटी होऊन बसली होती.

घरात येणाऱ्या बाकीच्या गोष्टींबद्दल थोडक्यात सांगतो. बंदुकीचे पोलादी कपाट भिंतीत पक्के बसवावे लागते आणि त्याची किल्ली परवानाधारकाखेरीज कोणाच्याही हाती लागू नये, असा दंडक आहे. म्हणजे एरवी कशाचीही लपवाछपवी नसलेल्या घरात एक वस्तू कोठे आहे हे बायकोलाही सांगायचे नाही. कपड्यांवरून गोचीड घरात येतात आणि त्यांच्यापासून लाइम नावाचा आजार होऊ शकतो, त्यामुळे दर खेपेनंतर कपडे, स्वतःचे अंग आणि मुलांच्या मानेमागची जागा तपासावी लागे. फ्रीजर हरणाच्या मटणाने भरलेला असल्यामुळे आमरसाच्या डब्यांना जागा मिळत नसे, ही तक्रार त्यामानाने किरकोळ. पण ती सर्वांत जास्त वेळा ऐकली. (त्या मटणात चरबी जवळपास नसते. आपल्या पद्धतीने परतून शिजवले तर ते चिवट होते. दह्यात रात्रभर मुरवून मंद आचेवर ठेवले तर उत्तम लागते. एवढी विद्या मात्र माझ्याजवळ शिल्लक आहे.)

मुलांना सोबत का नेले नाही, असेही तिसऱ्या पत्रलेखकांनी विचारले आहे. मोठ्या मुलीला नेले होते. पोट फाडतानाचे दृश्य तिने शांतपणे पाहिले आणि जठराला कप्पे किती असतात ते विचारून घेतले. तिची तक्रार होती ती ओल्या झुडपांतून पोटावर सरपटण्याबद्दल आणि तासन्‌तास न बोलण्याबद्दल. नऊ वर्षांच्या मुलीला वडिलांचा दिवस मिळाला तर तिला त्यात बोलायचे असते, आणि हरणाच्या मागावर नेमके तेच करता येत नाही.

परवान्याच्या पाच वर्षांची मुदत संपत आली तेव्हा नूतनीकरणाचा अर्ज मी भरलाच नाही. रायफल नोंदणीकृत विक्रेत्याला विकली, पोलिसांना कायद्याप्रमाणे कळवले आणि ज्या जमिनीवर मी जात असे, तेथील पगारी शिकाऱ्याला माझ्या वाट्याची हरणे त्याच्याकडे आल्याचे सांगितले. त्याने कुरकुर केली, कारण मालकाने ठरवलेली संख्या त्याला कोणत्याही परिस्थितीत पुरी करावी लागते. म्हणजे माझ्या निवृत्तीने एकही हरीण वाचलेले नाही, हे अभिनंदन करणाऱ्या दोन्ही वाचकांनी कृपया ध्यानात घ्यावे.

मुले मोठी झाल्यावर पुन्हा परवाना काढणार का, असे येथील जुने सोबती विचारतात. त्यासाठी नव्याने अर्ज करावा लागेल, पोलीस घरी येऊन चौकशी करतील आणि घरच्या परिस्थितीविषयी प्रश्न विचारतील. त्या प्रश्नांची उत्तरे त्या वेळी पत्नीने द्यावीत, असे आमच्यात ठरले आहे.

आपला विश्वासू,
एक वाचक, इन्व्हरनेस (स्कॉटलंड)