आमच्या चंद्री गाईला उठवणाऱ्या डॉक्टरसाहेबांना

डॉक्टरसाहेब, सप्रेम नमस्कार.

फोनवर थँक्यू म्हणायला गेले तर तुम्ही "अहो त्यात काय एवढं" म्हणून फोनच ठेवला, म्हणून इथं सगळ्यांसमोर लिहितेय. आता ठेवून दाखवा.

बाकीच्यांसाठी सांगते, आम्ही येवल्याकडचे. जमीन थोडीच, त्यात उन्हाळी कांदा, थोडा गहू, घरापुरता हरभरा, बांधाला शेवगा, दोन गाया, शेळ्या आणि गावरान कोंबड्या. लोकांना वाटतं पाडव्याच्या सुमाराला शेतकरी निवांत असतो, पिकं निघाली, झाडाला कैऱ्या लागल्या, मजा आहे. अहो याच दिवसांत सगळं एकदम अंगावर येतं! गहू खळ्यात उघडा पडलाय, दुसऱ्या वावरातला कांदा उपटून पातीखाली झाकून वाळायला ठेवलाय, खुडूक कोंबडी अंड्यांवर बसलीय आणि वर आभाळ भरून आलंय. अवकाळीची एक सर पडली की तो भिजलेला कांदा साठवणीच्या चाळीत सडलाच म्हणून समजा. त्यात चंद्री व्यायली, तिसरं वेत, कालवड झाली म्हणून घरात सगळे खुश.

दुसऱ्या दिवशी सकाळी गोठ्यात जाते तर गाय बसलेली, काही केल्या उठेना. मान पोटाकडं वळवलेली, डोळे मलूल, कान हाताला एकदम गार. आमचे हे पहिल्या वावरातला कांदा घेऊन लासलगावला गेलेले. नेहमीच्या डॉक्टरांना फोन लावला, मी सगळं नीट सांगतेय तर मधेच म्हणतात, "घरात कोणी माणूस आहे का? त्यांच्याकडं द्या फोन." मग मी कोण? नाही म्हटल्यावर "मालक आले की फोन करायला सांगा" आणि कट. दुसरे एकजण आले, दारातनंच बघितलं, एक इंजेक्शन टोचलं, पैसे घेतले आणि "उठंल संध्याकाळपर्यंत" म्हणून गाडीला किक मारली. नाव घेत नाही, ज्याचं त्याला कळेल. गोठा मी झाडते, धार मी काढते, गाय माजावर आलेली मला आधी कळते, डेअरीच्या कार्डावर नाव तेवढं यांचं.

तुमचा नंबर जाऊबाईंच्या माहेरच्या ओळखीनं मिळाला. तुम्ही लग्नाला निघाला होतात, इस्त्रीचा पांढरा शर्ट, तसेच आलात. तोवर गोठ्यात चार शहाणे जमलेच होते, प्रत्येकाचा वेगळा उपाय, एकजण तर गुळाचं पाणी नळीनं पाजायला निघालेला. तुम्ही त्याला थांबवलं, म्हणालात मान अशी पडलेली असताना पाजलं तर फुप्फुसात जाईल. आणि मग त्या सगळ्यांना ओलांडून माझ्याकडं बघून विचारलंत, "हिची धार कोण काढतं? तुम्ही ना ताई? मग तुम्ही सांगा काय झालं."

खरं सांगू, मला तिथंच रडू आलं. गाय तेव्हा अजून बसलेलीच होती, बरी होईल का नाही काहीच माहीत नव्हतं, पण आता कोणीतरी ऐकतंय एवढंच वाटलं. मी सांगत होते आणि तुम्ही एकदाही मधे तोडलं नाहीत. ते चार शहाणेसुद्धा गप्प, हे आमच्या गावात सहसा होत नाही.

मग कॅल्शियमची बाटली कोमट पाण्यात ठेवायला लावलीत आणि सलाईन लावल्यावर ती माझ्याच हातात दिलीत. एवढे बाप्ये उभे असताना! व्याल्यावर अंगातलं कॅल्शियम चिकात जातं, रक्तात कमी पडतं, मग पायातला जोरच जातो, आणि बाटली भराभर सोडली तर हृदय बंद पडू शकतं, असं समजावत तुम्ही नळी छातीला लावून ठोके ऐकत राहिलात. बाटली संपत आली तशी चंद्रीच्या अंगावर थरथर आली, तिनं शेण टाकलं आणि थोड्या वेळात धडपडत उभी राहिली. सासूबाईंनी तिला आधी हळदकुंकू लावलं आणि मग तुम्हाला चहा विचारला, राग मानू नका.

डिग्री काय, गावोगावच्या बोर्डावर दिसते. पण समोरच्या बाईला जनावरातलं कळत असेल असं धरून चालणारा माणूस मी तरी पहिल्यांदाच बघितला. अशी माणसं अजून असतात, कोर्टात, बँकेत, तलाठ्याकडं पण असतील कुठं कुठं, आमच्या वाट्याला आली नाहीत एवढंच.

संध्याकाळी यांनी तुम्हाला फोन केला तर तुम्ही म्हणालात, "ताईंना सगळं सांगितलंय, त्यांना विचारा." तेव्हापासून पूर्ण पिळून धार काढायची नाही, दोन दिवस थोडी थोडीच, हे घरात मी सांगते आणि हे मुकाट ऐकतात.

कांदा वाचला, पाऊस पलीकडच्या शिवारात पडला. भाव काही विचारू नका.

शर्टाला शेणाचा डाग पडला होता, तुम्ही तसेच लग्नाला गेलात म्हणे, वहिनींना आमच्यातर्फे सॉरी सांगा. शेवग्याच्या शेंगा आणि गावरान अंडी काढून ठेवलीत, इकडं आलात की न्यायची. पैसे द्यायला लागलात तर मात्र भांडण होईल.

तुमची,
चंद्रीवाली ताई