केळीच्या बागेला आकडा आहे, पोरांच्या अंगणाला नाही

मा. संपादक,
स. न. वि. वि.

‘पारा ४४ वर’ ही बातमी आपल्या दैनिकात आली त्या सकाळी पावणेदहाला माझ्या दारात दोन आया समोरासमोर उभ्या होत्या. एक म्हणाली, “काकू, आज अजिबात बाहेर सोडू नका हं याला.” दुसरी म्हणाली, “माझा चार दिवस झाले अंगणात गेलाच नाही. घरी आला की सोफ्यावरून उड्या मारतो. थोडं तरी खेळू द्या.” दोघींनी फोन पुढे केले. एकीच्या फोनवर ३९, दुसरीच्या फोनवर ४२. आता ठरवायचं मी.

मी जळगावात अकरा वर्षं पाळणाघर चालवते. दीड ते सहा वर्षांची सतरा मुलं, दोन मावश्या, मी, आणि अंगणात एक मोठा निंब. उन्हाळा आम्हाला नवा नाही. पण ‘आज मुलांना बाहेर काढायचं की नाही’ हा निर्णय कित्येक वर्षं मी अंदाजाने घेत आले, हे आज कबूल करते.

त्याच आठवड्यात एका मुलाचे आजोबा त्याला न्यायला आले. रावेरकडचे, केळीवाले. आयांचा वाद त्यांच्या कानावर गेला होता. म्हणाले, “ताई, आमच्या केळीच्या विम्यात सगळं लिहिलेलं असतं. सलग इतके दिवस पारा इतक्याच्या वर, की भरपाई. थंडीचा आकडा वेगळा, वाऱ्याचा वेगळा. मोजायला महसूल मंडळात यंत्र बसवलंय. तुमच्या पोरांचा आकडा किती?” मी हसून वेळ मारून नेली. पण खरंच, केळीच्या कोवळ्या रोपाला उन्हाळ्यात आपण कापडाचा आडोसा करतो, बागेच्या कडेने वारा अडवायला गवताची नाहीतर शेवरीची भिंत उभी करतो. पोरांच्या बाबतीत मात्र ‘ऊन जास्त वाटलं तर आत घ्या’ यापलीकडे कुणी काही सांगत नाही. वाटलं म्हणजे कुणाला वाटलं?

काही पालक म्हणतात, हवामान खात्याचा इशारा आला की बंद करा, सोपं आहे. सोपं नाही. मैदानी भागात उष्णतेची लाट जाहीर व्हायला पारा किमान ४० हवा आणि तो त्या दिवसांच्या सरासरीपेक्षा साडेचार अंशांनी तरी जास्त हवा. नाहीतर सरळ ४५ गाठायला हवा. आता आपल्याकडे मे महिन्यात सरासरी कमाल तापमानच ४२ च्या घरात. म्हणजे ४४ चा दिवस हा खानदेशाच्या हिशोबात ‘लाट’ धरला जाईलच असं नाही. तो नेहमीचा दिवस! इशारा आला नाही म्हणून तीन वर्षांच्या पोराला तो दिवस सोसेल, असा अर्थ काढणारे पालक मी पाहिलेत. पूर्वी मीही तोच काढायचे.

दुसरी गोष्ट, तो आकडा सावलीतला असतो. खात्याचा तापमापक पांढऱ्या, झडपांच्या पेटीत, जमिनीपासून सव्वा-दीड मीटरवर टांगलेला असतो. माझ्या पाळणाघरातलं सगळ्यात उंच पोरगंही त्या तापमापकापेक्षा बुटकंच. त्याचं डोकं जमिनीपासून जेमतेम साडेतीन-पावणेचार फुटांवर, आणि जमीन म्हणजे दिवसभर तापलेले पेव्हर ब्लॉक.

याचा धडा मला दोन वर्षांपूर्वी एप्रिलमध्ये मिळाला. संध्याकाळचे साडेपाच वाजले होते, ऊन भिंतीवर गेलं होतं, मला वाटलं आता हरकत नाही. साडेतीन वर्षांचं एक पोरगं चड्डीवर धावत जाऊन लोखंडी घसरगुंडीवर बसलं. घसरलं नाही, तिथेच किंचाळलं. दोन्ही मांड्या मागून लालभडक, एका ठिकाणी टरारून फोड. आम्ही नळाचं पाणी सोडून त्याला वीस मिनिटं तसंच धरून ठेवलं, मग डॉक्टरांकडे नेलं. त्याची आई मला एका शब्दाने बोलली नाही, याचं मला जास्त वाईट वाटलं. घसरगुंडीवर तेव्हा ऊन नव्हतंच. पण दुपारभराचं ऊन पत्र्यात तसंच मुरलेलं होतं. तेव्हापासून नियम एकच: आधी मोठ्या माणसाचा हात. हाताची मागची बाजू पत्र्यावर ठेवायची, पाच आकडे मोजायचे. पाचापर्यंत टेकवता आला नाही तर घसरगुंडी बंद, घड्याळात काहीही वाजलेलं असो.

लहान मूल मोठ्या माणसापेक्षा लवकर तापतं. वजनाच्या मानाने त्याच्या अंगाची कातडी जास्त, त्यामुळे बाहेरची हवा अंगापेक्षा गरम झाली की उष्णता तेवढी जास्त आत शिरते. घाम मोठ्यांइतका येत नाही. आणि खेळात रमलं की तहान लागलेली त्याला कळत नाही, कळली तरी ते पाण्यासाठी खेळ सोडत नाही. दीड वर्षाच्या बाळाला तर सांगताच येत नाही. म्हणून आमच्या मावशींनी एक वही काढली. तिला आम्ही शूची वही म्हणतो. सकाळपासून कुणी किती वेळा शू केली, रंग गडद होता का, एवढंच त्यात. ज्याची साडेअकरापर्यंत एकदाही झाली नाही ते पोर अंगणात जात नाही, मांडीवर बसून पाणी पितं. बाहेरचे लोक हसतात. हसू देत. तापमापकापेक्षा या वहीवर माझा भरवसा जास्त आहे.

तापमापक मात्र दोन आणले. एक निंबाच्या खोडाला मुलांच्या उंचीवर, सावलीत. दुसरा आतल्या खोलीत. आणि इथेच मी चाट पडले. माझी मागची खोली पत्र्याची आहे. खाली थर्माकोलचं छत आहे, कूलर आहे. एका दुपारी वीज गेली. अर्ध्या तासाने पाहिलं तर निंबाखाली ४० आणि आत ४३! इतकी वर्षं मी ‘ऊन आहे, आत चला’ म्हणत पोरांना जास्त गरम जागी नेत होते. आमच्या मावशी पारोळ्याकडच्या. एरवी ‘ऊन भलतं तपी ऱ्हायनं, पोरेस्ले मझार ली या’ (पोरांना आत घेऊन या) हे त्यांचं ठरलेलं वाक्य. त्या दिवशी त्याच म्हणाल्या, “ताई, भायेर निंबखालेच बरं शे.” आमच्या माहेरच्या धाब्याच्या घरात मातीच्या छताखाली मे महिन्यातही दुपारी झोप लागायची. आता पत्रे आणि स्लॅब. आत-बाहेरचा जुना हिशोब या घरांना लागू पडत नाही. जिल्ह्यात किती अंगणवाड्या नि पाळणाघरं पत्र्याखाली भरतात ते आपल्या वार्ताहरांनी एकदा फिरून पाहावं. मुलांना बाहेर काढू नका हा आदेश तिथे उलटाच पडेल.

कुणी म्हणेल, बाहेरच्या देशांतले तक्ते आहेत, ते घ्या. पाहिले. अमेरिकेत पाळणाघरांसाठी हिरवा, पिवळा, लाल असे तक्ते असतात, थंडीचेही. तिथल्या मार्गदर्शनात जाणवणारं तापमान ९० फॅरनहाइटच्या वर गेलं की लहान मुलांना बाहेर काढू नये असं आहे. म्हणजे आपले ३२ अंश. तो आकडा इथे लावला तर फेब्रुवारी संपता संपता पोरं आत जातील ती दिवाळीच्या सुमाराला बाहेर येतील. त्यांची एक गोष्ट मात्र घेण्यासारखी आहे. ते नुसता पारा पाहत नाहीत, हवेतला दमटपणाही त्यात धरतात. आपल्याकडे जूनच्या पहिल्या आठवड्यात पारा ३८ वर उतरला की सगळे सुटकेचा श्वास सोडतात. पण तेव्हा हवेत ओल येते, घाम वाळत नाही आणि अंग थंड होत नाही. खारघरला १६ एप्रिल २०२३ रोजी झालेल्या सोहळ्यात उष्माघाताने १४ माणसं गेली, त्या दिवशी तिथला पारा ३८ च्या आसपासच होता. गेली ती मोठी माणसं होती. पहिल्या पावसाआधीचे ते दहा-बारा दिवस मी मेपेक्षा जास्त घाबरून काढते. त्यात दुपारनंतर वादळ. गडगडाट ऐकू आला की मी ढग मोजत बसत नाही, सगळी आत. शेवटच्या आवाजानंतर अर्धा तास कुणी उंबरा ओलांडायचा नाही.

थंडीचं फार लिहीत नाही. धुळ्याला कृषी महाविद्यालयात पारा पाच-सहावर येतो, आपल्याकडेही हुडहुडी भरते. पण ती सकाळची गोष्ट. साडेदहाच्या कोवळ्या उन्हात स्वेटर घालून पोरं मजेत धावतात. सर्दी होईल म्हणून जानेवारीत आत कोंडायला सांगणारे पालकच एप्रिलमध्ये ‘थोडं खेळू द्या’ म्हणतात, त्याला काय करावं!

खरी अडचण वेळेची आहे. उन्हाळ्यात शाळा सकाळच्या होतात, पाळणाघर मात्र आईबापांच्या नोकरीच्या वेळेने चालतं. मूल येतं साडेनऊला आणि जातं साडेसहाला. खेळायच्या वेळा म्हणजे साडेनऊच्या आधी आणि साडेसहाच्या नंतर, नेमक्या त्याच वेळी ते माझ्याकडे नसतं. गेल्या वर्षी मी पालकांना सांगितलं, एप्रिल-मे दोन महिने पोरांना आठला आणा, फी तीच. सतरापैकी नऊ यायला लागली. ती नऊ मुलं आठ ते सव्वानऊ निंबाखाली मातीत खेळतात, दर पंधरा मिनिटांनी माठातलं पाणी. निंबावरचा तापमापक ३८ दाखवू लागला की पळापळीचे खेळ बंद, मातीत बसून भांडी-भांडी. ४० ला आत, तेही आतला आकडा पाहून. हे ३८ आणि ४० माझे मीच ठरवलेत, दोन उन्हाळे पोरांचे चेहरे बघून. कुणा डॉक्टरांनी ते खोडून दुसरे दिले तर मी आनंदाने पाटी बदलीन.

जिल्हा प्रशासनाकडे माझं मागणं मोठं नाही. मंडळामंडळांत बसवलेली हवामान केंद्रं पिकांसाठी आकडे घेतातच. तेच आकडे सकाळी सातला आणि दुपारी चारला अंगणवाडी सेविकांच्या आणि आमच्यासारख्यांच्या फोनवर पाठवावेत. बालरोगतज्ज्ञांना एका टेबलाशी बसवून दीड, तीन आणि सहा वर्षांच्या मुलांसाठी आपल्या हवेचा तक्ता करून घ्यावा. त्यात कधी आत न्यायचं ते असावं आणि कधी बाहेर काढायलाच हवं तेही असावं. नाहीतर घाबरून सगळेच तीन महिने दार लावून घेतील आणि पोरांच्या हातात मोबाइल देतील.

आणि एक विनंती आपल्यालाही. आपण रोज कालचं कमाल आणि किमान तापमान छापता. त्याच चौकटीत सकाळी आठ, दहा आणि संध्याकाळी पाच, सहा या वेळांचे आकडे छापता आले तर पाहा. मी रोज कात्रण काढून दारावर लावीन, म्हणजे पावणेदहाला आलेल्या दोन्ही आयांना एकच आकडा दिसेल.

आपली,
एक पाळणाघरचालक, जळगाव