एका इंजेक्शनावर पार्वो टळत नाही

मा. संपादक,
स.न.वि.वि.

दिवाळी ते संक्रांत मराठवाड्यात गल्लोगल्ली कुत्र्यांची पिल्लं दिसतात आणि त्यांच्या पाठोपाठ ‘गॅस्ट्रो’ येतो. लोक ज्याला गॅस्ट्रो म्हणतात तो पुष्कळदा पार्वो असतो. १९७८ च्या सुमारास जगभर पसरलेला हा विषाणू आतड्याचं अस्तर सोलून काढतो. ‘लस दिली होती, तरी गेलं’ ही मालकांची नेहमीची तक्रार. खोदून विचारलं की कळतं, दीड महिन्याचं असताना एक इंजेक्शन झालं होतं, बस्स.

ते एकटं इंजेक्शन वाया जाऊ शकतं. आईच्या चिकातून आलेली प्रतिकारशक्ती लशीलाच निकामी करते. कुणात ती आठव्या आठवड्यात ओसरते, कुणात चौदाव्या. नुसतं बघून कळत नाही. म्हणून ६ ते ८ आठवड्यांपासून दर ३-४ आठवड्यांनी डोस, शेवटचा १६ आठवडे भरल्यावरच, मग वर्षभराने बूस्टर. लस २ ते ८ अंशांत राहायला हवी. दुकानातून घेऊन बर्फाशिवाय, एप्रिलच्या उन्हात डिकीतून नेलेली कुपी टोचली काय नि न टोचली काय!

पिल्लू मलूल होतं, खाणं सोडतं, फेसाळ ओकतं. रक्ताची हगवण त्यानंतर एक-दोन दिवसांत. हिरडीला बोट लावून पाहा. ओलसर-गुळगुळीत न लागता चिकट लागली तर पाणी कमी पडलंय. ५ किलोच्या पिल्लाचं वजनाच्या १० टक्के पाणी गेलं तर तूटच अर्धा लिटर, वर चालू उलट्या-जुलाब. ती नुसत्या ग्लुकोजच्या सलाईनने भरत नाही. शिरेतून रिंगर लॅक्टेट (क्षार असलेलं सलाईन), गरजेनुसार पोटॅशियम आणि उलटीचं औषध लागतं. अँटिबायोटिक विषाणूला मारत नाही, फाटक्या आतड्यातून रक्तात शिरणाऱ्या जिवाणूंसाठी ते असतं. उलट्या चालू असताना तोंडात दूध-ताक ओतू नये, फुप्फुसात जातं. माणसांच्या जुलाब थांबवायच्या गोळ्या तर नकोतच.

खरा घोळ फिनेलचा. अंगण घमघमतं, विषाणू जागच्या जागी. आधी विष्ठा उचलून फरशी साबणाने धुवा, मग ५ टक्क्यांचं सोडियम हायपोक्लोराइट (ब्लीच) १ भाग, पाणी ३० भाग, १० मिनिटं ओलं ठेवा. द्रावण रोज ताजं; त्यात फिनेल किंवा अ‍ॅसिड मिसळू नका, विषारी वायू निघू शकतो. भांडी आणि चपलांचे तळवेही यातूनच काढा. हा रोग माणसाला होत नाही, पण घराबाहेर न पडणाऱ्या कुत्र्यापर्यंत चपलेवरून पोचतो.

मातीच्या अंगणात हे द्रावणही नीट चालत नाही आणि सावलीतल्या ओलसर मातीत विषाणू कित्येक महिने टिकतो. तिथे नवं पिल्लू आणायचंच असेल तर १६ आठवड्यांनंतरचा डोस होऊन दोन आठवडे उलटलेलंच आणावं.

– एक पशुवैद्यक, परभणी